उचलायचा नाही असा फोन

लिफ्टमनने आयुष्यभर लोकांकडे पाठ करून ऐकलं. कामच तसं होतं. कचेऱ्यांच्या एका उंच इमारतीत तो लिफ्ट चालवायचा. कोपऱ्यात लोखंडी स्टूल, समोर बटणांची पितळी पाटी आणि पाठीमागे कोंबलेली माणसं. त्या माणसांना लिफ्टमन हा लिफ्टचाच एक सुटा भाग वाटायचा, त्यामुळे ती त्याच्या मागे उभं राहून खुशाल वाट्टेल ते बोलायची. कोणाची बढती कोणी हाणून पाडली, कोणाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, साहेबांच्या बायकोने साहेबांच्या टेबलावर येऊन काय आपटलं. आणि गोष्ट रंगात आली की नेमका मजला यायचा. दार उघडायचं, माणसं उतरायची आणि उरलेली गोष्ट त्यांच्याबरोबर निघून जायची. निवृत्त झाला तेव्हा त्याच्यापाशी गोष्टींचा ढीग होता आणि त्यातल्या एकीलाही शेवट नव्हता.

त्या कामाने त्याला एक खोड लावली. कोणी काही बोललं की मान हलवायची आणि 'हं' म्हणायचं. ऐकलेलं असो वा नसो. अर्ध्या इमारतीची समजूत होती की इतकं मन लावून ऐकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. खरं काय ते त्याच्या बायकोला माहीत होतं. ती बोलता बोलता मध्येच थांबून विचारायची, "मी आत्ता काय म्हणाले?" आणि हा पुन्हा म्हणायचा, "हं."

त्याची थोरली बहीण त्याला लहानपणापासून घुम्या म्हणायची. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने तिने त्याला फार तर रागावताना हाक मारली असेल. तिला स्वतःला बोलायला कधी विषय लागला नाही. दोघांच्या वाटणीचं बोलणं देवाने एकट्या ताईच्या पदरात टाकलं, असं घरातले म्हणायचे, आणि त्यावर ताईचं म्हणणं असायचं की मग देवाने ऐकणारा तरी धड द्यायचा होता.

लिफ्टमनची बायको गेली तेव्हा ताई आली आणि महिनाभर राहिली. आल्या दिवसापासून तिने घराचा ताबा घेतला. चमचे एका खणातून दुसऱ्यात गेले, पडदे धुऊन निघाले, बायकोच्या चपला कुठे दिसेनाशा झाल्या ते लिफ्टमनला कळलंही नाही. आणि एका दुपारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आता इथे एकटा काय भिंतींशी बोलत बसणार आहेस? म्हणजे भिंतींशीही तू बोलायचा नाहीस म्हणा. चल माझ्याकडे. माझे हे गेल्यापासून मागची खोली रिकामीच पडलीय."

एरवी 'हं' म्हणणारा लिफ्टमन त्या दिवशी नेमका बोलला. चपला कुठे ठेवल्यास एवढंच त्याला विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "मला कोणाची गरज नाही."

ताईने हातातली थाळी पुसून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बॅग भरून तयार होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "नसेल गरज. पण तू मेलास तर ते मला शेजाऱ्यांकडून कळायला नको. सकाळी चहा झाला की मी फोन करीन. दोन रिंग वाजतील, मग ठेवीन. उचलू नकोस. संध्याकाळी तू दोन रिंग दे. मीही उचलणार नाही. तुझेही पैसे वाचतील नि माझेही."

लिफ्टमन म्हणाला, "हं."

तेव्हापासून कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन तो फोनशेजारच्या खुर्चीत बसायचा. एक रिंग, दुसरी रिंग, मग शांतता. ताई आहे. मग तो उरलेला चहा प्यायचा, आणि दिवस सुरू झाला असं धरायचा. कधीकधी रिंग वाजताना तो रिसीव्हरवर तळवा टेकवून बसे. तिसरी वाजली तर उचलू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिसरी कधीच वाजली नाही. ताई शब्दाची पक्की होती, आणि रागाची त्याहून पक्की. संध्याकाळी तो तिचा नंबर लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. तिच्या दूरच्या गावात, तिच्या घरात आत्ता आवाज झाला, एवढ्यावर त्याची रात्र निघायची. ताईचा आवाज कसा आहे ते मात्र तो हळूहळू विसरत चालला होता.

त्याची टेलिफोनची लाइन जुनी होती. हवा दमट झाली की ती खरखरायची, कधी दोन-दोन तास मुकी व्हायची. एका सकाळी एकच रिंग वाजली आणि पुढे नुसतंच कर्र झालं. लिफ्टमन दिवसभर सैरभैर. ही एक रिंग म्हणजे काय समजायचं? अर्धी ताई? दुसऱ्या दिवशी दोन वाजल्या तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. पण जिवाला घोर लागला तो लागलाच. उद्या लाइन पुरतीच गेली तर?

नेमक्या त्याच आठवड्यात नव्या कंपनीचा विक्रेता दारात उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत कागद, तोंडात खडीसाखर.

"जोडणी फुकट, मोडेमचा डबा फुकट, लाइनचं भाडं शून्य. वर ब्रॉडबँड."

"मला इंटरनेटचं काय करायचं?"

"काही करू नका. पडून राहील. फोन त्याच्यावरच चालतो, काका."

"नंबर?"

"तोच राहणार."

"रिंग नीट वाजेल?"

"अशी वाजेल की शेजारी दचकून उठतील."

लिफ्टमनने सही केली. इतक्या वर्षांत त्याने स्वतःहून घेतलेला हा पहिलाच मोठा निर्णय, आणि तो त्याने ताईच्या दोन रिंगांसाठी घेतला होता, हे ध्यानात ठेवायला हवं. नाहीतर पुढे जे झालं त्यावरून कोणी त्याला वेंधळा म्हणून मोकळा होईल. वेंधळा तो होताच, पण बेफिकीर नव्हता.

जोडणीवाला आला तो भिंतीला भोक पाडायचं यंत्र घेऊनच. लिफ्टमन मागे उभा राहिला. यावेळी पाठ दुसऱ्याची होती. जोडणीवाला भिंतीकडे तोंड करून काम करत होता आणि बोलत होता.

"विकणाऱ्यांचे फालतू फोन फार येतात का?"

"हं."

"मग व्हॉइसमेल लावून देतो. म्हणजे निरोपाची पेटी. येणारा फोन आधी पेटीच उचलेल. तुमच्याकडे घंटा वाजणारच नाही, कटकट नको. ज्याचं खरंच काम असेल तो निरोप ठेवील. डब्यावर पिवळा दिवा लागला की समजायचं, निरोप आलाय. चालेल ना?"

लिफ्टमनचं सगळं लक्ष भोकातून उडणाऱ्या चुन्याकडे होतं. फोनच्या टेबलावर बायकोने भरतकाम केलेला रुमाल होता आणि चुना सरळ त्याच्यावर पडत होता.

"हं," तो म्हणाला.

आता कोणीही विचारील, ज्या घंटेसाठी एवढा खटाटोप मांडला तीच बंद करायला या माणसाने होकार दिला? दिला. हजारो माणसांना दिला तसाच दिला.

शेवटी जोडणीवाल्याने जुना बटणांचा फोन नव्या डब्याला जोडला, कसलीशी बटणं दाबली, रिसीव्हर लिफ्टमनच्या हातात दिला आणि एक बोट वर केलं. लिफ्टमनला वाटलं, याला काही सांगायचंय.

"हं… बोल," तो म्हणाला.

जोडणीवाल्याने पुन्हा एक बटण दाबलं. "झालं. पेटीत आवाज झकास आलाय."

काय झालं ते लिफ्टमनने विचारलं नाही. जोडणीवाला गेल्यावर त्याने रुमाल झटकला. डब्यावर हिरवे, निळे, पिवळे दिवे नुसते लुकलुकत होते. एवढ्याशा खोलीत ती रोषणाई त्याच्या डोळ्यांना खुपली. त्याने तो रुमाल डब्यावर पांघरला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा केला, खुर्चीत बसला. रिंग वाजली नाही.

चहा निवला. त्याने रिसीव्हर उचलून पाहिला. आतला आवाज स्वच्छ, कुठे खरखर म्हणून नाही. संध्याकाळी त्याने ताईचा नंबर लावला. पलीकडे दोन रिंगा अगदी ठणठणीत गेल्या. म्हणजे फोन चांगला होता. नव्या कंपनीत खोट नव्हती. मग उरली कोण? ताई.

पहिले काही दिवस त्याने तिच्यावर रागवून काढले. एवढ्या वर्षांनी हिला काय झालं? मग राग स्वतःवर वळला, कारण काय झालं ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. 'मला कोणाची गरज नाही' हे वाक्य तिने इतकी वर्षं सांभाळलं, आता एकदाचं खरं मानून टाकलं असेल. आणि मग एका सकाळी, दूध आणायला जिना उतरताना, राग जाऊन भीती आली. ताई असती तर तिने रिंग दिली असती. ती रागावून रिंग बंद करणाऱ्यातली नव्हती. रागावूनच तर ती रिंग द्यायची.

तुम्ही म्हणाल, मग फोन करून विचारायचं. एवढं सोपं होतं. संध्याकाळी दोन रिंगांवर न थांबता वाजू द्यायचा, ती उचलेपर्यंत. लिफ्टमनलाही हे सुचलं होतं. रोज संध्याकाळी तो तेवढ्यासाठीच बसायचा. पण दुसरी रिंग संपत आली की त्याचं बोट आपोआप फोन बंद करायच्या खटक्यावर जायचं. दोन रिंगांना ताई उचलत नाही, तो नियमच होता. त्यामुळे दोन रिंगांपर्यंत ती तिच्या घरात होती, फोनकडे बघत बसलेली होती, जिवंत होती. तिसरी, चौथी, दहावी वाजली आणि कोणी उचललाच नाही, तर? त्यापेक्षा ठेवून दिलेला बरा. आणि तो ठेवून द्यायचा.

त्याने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायला होतं कोण? खालच्या औषधाच्या दुकानदाराने एकदा विचारलं, "काका, बरं नाही का? तोंड उतरलंय." लिफ्टमन म्हणाला, "हं." दुकानदाराने त्याला पोटाचं औषध दिलं.

बायको गेल्यावर तो एकटा पडला होता, पण तेव्हा निदान एकट्याने दुःख करायला कारण होतं. आता कारणही धड हातात नव्हतं. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती आणि घर ओसाड वाटत होतं. एका दुपारी तो उगीचच आपल्या जुन्या इमारतीत गेला. पितळी पाटी गेली होती, स्टूल गेलं होतं. लिफ्ट आता आपली आपण चालत होती आणि छतातून एक बाई प्रत्येक मजल्याचा आकडा सांगत होती. लिफ्टमन आपल्या जुन्या कोपऱ्यात पाठ करून उभा राहिला, आणि खालून वर, वरून खाली दोन खेपा केल्या. मागे माणसं खच्चून भरली होती. कोणी कोणाशी अवाक्षर बोललं नाही. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं खुपसून होते. तो खाली उतरला आणि पायी घरी आला.

महिना उलटला आणि बिलं आली. एक नव्हे, दोन. जुन्या कंपनीने लाइन बंद करण्याचा आकार लावला होता, आणि जी लाइन बंद केली तिचंच पुढच्या महिन्याचं भाडंही. नव्या कंपनीच्या बिलात फुकट असलेल्या सगळ्या गोष्टी एकाखाली एक नावानिशी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे रक्कम होती. लिफ्टमनला बरं वाटलं. किती दिवसांनी त्याला नीट रागावता येईल असं काहीतरी हाती लागलं होतं. त्याने कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ सनई की बासरी काहीतरी ऐकून झाल्यावर एक मुलगी आली.

"लाइन चार्ज कसला?" लिफ्टमन म्हणाला.

"लाइनचा आहे, सर."

"लाइनचं भाडं शून्य म्हणाला होता."

"भाडं शून्यच आहे, सर. हा चार्ज आहे."

"आणि वायरिंग?"

"डबा फुकट आहे, सर. वायर डब्यात येत नाही."

 जन्मात तो इतकं सलग बोलला नव्हता. "आणि हे खाली काय आहे? निरोपपेटी, जादा जागा. मी कोणाकडे कसली जागा मागितली?"

पलीकडे टकटक ऐकू आली. "तुमची पेटी भरली होती, सर. मोफत जागा संपली की जादा जागा आपोआप लागते. आता तीही भरलीय. एकाच नंबरवरून रोज निरोप आहेत. तुम्ही ऐकलेच नाहीत का?"

"कुठला नंबर?"

मुलीने नंबर सांगायला सुरुवात केली. निम्मा सांगून झाला आणि उरलेला लिफ्टमनने सांगितला. त्याचा आवाज इतका बदलला होता की ती मुलगी क्षणभर 'सर' म्हणायची विसरली.

"कसं ऐकायचं ते?" त्याने विचारलं.

"स्टार दाबा, मग एक. आणि लाइन चार्जची तक्रार नोंदवू का, सर?"

त्याने फोन केव्हाच ठेवला होता. डब्यावरचा रुमाल त्याने उचलला. पिवळा दिवा लागलेला होता.

पहिल्या निरोपात आधी नुसता श्वास होता. मग ताईचा आवाज आला. विसरत चाललेला तो आवाज लिफ्टमनने लगेच ओळखला.

"अरे? तू उचललास?" मग बराच वेळ काही नाही. "उचलू नकोस म्हटलं होतं ना. … काही झालं नाही ना तुला? … घुम्या, बोल म्हणतोस आणि गप्प काय बसतोस?" आणि टूं.

दुसऱ्या दिवशीची ताई थोडी सावरलेली होती. "आजही उचललास. हं, बोल, एवढं म्हणून मुकाट. जन्माची खोड तुझी." ती किंचित हसली. "बरं. बोलते."

आणि ताई बोलली. रोज सकाळी, चहा झाल्यावर, पेटी जेवढा वेळ देईल तेवढा वेळ. तिच्या नळाची गळती आणि तो दुरुस्त करणाऱ्याची टाळाटाळ. वरच्या मजल्यावर कोणी गाणं शिकतंय आणि एकाच ओळीवर महिनाभर अडकलंय, ते ऐकून आता ती ओळ ताईलाच येऊ लागली होती. गुडघा. चष्मा. मांजर, जे तिचं नव्हतं पण येऊन बसायचं. मागच्या खोलीतल्या पलंगाची चादर ती दर आठवड्याला बदलते, "का विचारू नकोस, हाताला सवय झालीय." लिफ्टमन फोनला कान लावून उभाच होता. बसायचं त्याला सुचलं नाही. त्याने 'हं' म्हटलं नाही, मान हलवली नाही. तो ऐकत होता.

"तुझी बायको मला एकदा म्हणाली होती," एका निरोपात ताई सांगत होती, "तुमच्या गॅलरीत बसलो होतो आम्ही, तू कामावर होतास. मी म्हटलं, कशी गं राहतेस या घुम्याबरोबर? तर ती म्हणाली, ताई, खरं सांगू का—" टूं.

पुढच्या निरोपात ताई मांजराबद्दल बोलत होती. त्याच्या पुढच्यातही नाही. लिफ्टमनने तो निरोप पुन्हा लावला. पुन्हा त्याच जागी टूं. मजला आला होता, दार उघडलं होतं आणि त्याची बायको अर्ध्या वाक्यावर उतरून गेली होती.

मग शेवटचा निरोप. ताईचा आवाज वेगळा होता, जरा घाईचा.

"उद्या दवाखान्यात भरती होतेय. पित्ताशयात खडे झालेत, काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतो किरकोळ आहे. माझ्या वयाला काय किरकोळ असतं? शेजारची मास्तरीण घेऊन जाणार आहे. तू… आलास तर बरं वाटेल. आता सरळच सांगते, मला भीती वाटतेय. खोली झाडून ठेवलीय. आणि नाही आलास तरी मला एवढंच सांगायचं होतं की—"

टूं. मग छतातल्यासारखी एक बाई म्हणाली की आणखी निरोप नाहीत. निरोप आल्याची तारीखही तिने सांगितली. त्या तारखेला पंधरवडा होऊन गेला होता.

लिफ्टमन खुर्चीत बसला. त्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी त्याने दोन रिंगा दिल्या होत्या. तिकडे घरात कोणी नव्हतं तेव्हाही दिल्या असतील. ती दवाखान्यात कण्हत पडली असेल आणि हा इकडे नियम पाळत बसला होता. तिने बोलावलं होतं. तिला भीती वाटत होती, आणि तिला इकडून उत्तर काय मिळालं? हं, बोल.

त्याने नंबर लावला. संध्याकाळ व्हायची होती, पण आता वेळ पाळण्यात काय अर्थ होता?

एक रिंग. दुसरी. बोट खटक्यावर गेलं. त्याने ते दुसऱ्या हाताने धरून बाजूला घेतलं.

तिसरी वाजली. चौथी. नंतर त्याने मोजायचं सोडून दिलं. वाजतच राहिली. त्याला ती खोली दिसत होती, टेबल दिसत होतं, आणि टेबलापाशी कोणीच नव्हतं. ठेवावा का? अजून ठेवला तर अजून ती असेल. पण यावेळी त्याने ठेवला नाही.

रिंग मध्येच तुटली. कोणीतरी धापा टाकत होतं.

 मग सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, लिफ्टमन म्हणाला, "हं… बोल."

"पेटी आहे की तू?" पलीकडून ताईने विचारलं.

"मी."

"फोन तू केलास आणि बोल मला सांगतोस?" तिला दम लागला होता. "जरा थांब. टाके ओढतात. पलंगावरून उठेपर्यंत वाजत होता मेला. मला वाटलं, दोन रिंगा झाल्या, आता थांबेल. थांबेचना. तेव्हाच म्हटलं, हा मेला तरी, नाहीतर शहाणा तरी झाला."

लिफ्टमनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. 

"तुझ्या त्या पेटीपायी माझं बिल काय आलंय ठाऊक आहे का? उचलत नव्हतास तोवर दमडी लागत नव्हती. आणि वर घरात कोण बाई आणून ठेवलीस? दवाखान्यातून आल्यावर फोन केला तर म्हणते, जागा नाही. मी म्हटलं, बाई, तुझ्याकडे जागा मागितलीय कोणी?"

"ताई, मी ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला. "पेटी आहे हेच मला माहीत नव्हतं. आज ऐकलं. सगळं. आत्ता."

ताई गप्प झाली. ती गप्प झाली की किती शांत होतं, हे लिफ्टमनला पहिल्यांदाच कळत होतं.

"मला वाटलं, ऐकूनही आला नाहीस," ती सावकाश म्हणाली. "वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं."

"पेटी आहे हे तुला माहीत होतं?"

"चार दिवसांतच कळलं. रोज तेच हं, तेच बोल, एका सुरात. मी काय खुळी आहे?"

"मग बोलत का राहिलीस?"

ताईने उत्तर दिलं नाही. लिफ्टमनने आयुष्यात कधी कोणाला उरलेली गोष्ट विचारली नव्हती. त्याने आता विचारली.

"ती काय म्हणाली होती तुला? गॅलरीत. खरं सांगू का, म्हणाली. पुढे?"

"ते तुटलं होय?" ताई म्हणाली. "म्हणाली, ताई, खरं सांगू का, तो ऐकत नाही हे मला चांगलं कळतं. पण तो हं म्हणतो ना, तेव्हा घरात कोणीतरी आहे असं वाटतं. मी हसले होते तिला तेव्हा." तिने नाक ओढलं. "आता का बोलत राहिले ते पुन्हा विचारू नकोस."

लिफ्टमन डब्यावरच्या दिव्यांकडे बघत राहिला. रुमाल त्याच्या मुठीत चुरगळला होता.

"मिनिटाचे पैसे पडतायत तुझे," ताई म्हणाली.

"पडू देत."

"मग बोल की काहीतरी. मला लागलाय दम. आज तू बोल."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "मला गरज नाही असं म्हणालो होतो ना, ते खरं नव्हतं. मला तुला चपला कुठे ठेवल्यास ते विचारायचं होतं. आणि रोज सकाळी रिंग वाजेना तेव्हा वाटलं, तू गेलीस. संध्याकाळी फोन करायचो, पण तिसरी रिंग द्यायला धीर होत नव्हता. वाटायचं, उचललाच नाही कोणी तर मग मला कोण आहे."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. श्वाससुद्धा ऐकू येईना. लाइन गेली की आणखी काय झालं? लिफ्टमन घाबरून उठून उभा राहिला.

"ताई?"

"हं," ताई म्हणाली. "बोल."